पेटीवर बोटं दर वेळी त्याच जागी अडखळतात? आधी हे तपासा

पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, बोटं अडखळण्याची लक्षणं साधारण अशी असतात. यातली दोन-तीन तुमच्याशी जुळली तर पुढचं सगळं तुमच्यासाठीच आहे.

– संथ लयीत पलटा (सरावाची उलटसुलट स्वरांची ओळ) स्वच्छ येतो, पण दुगुन (दुप्पट लय) केली की दर वेळी त्याच एका स्वरावर पाय घसरल्यासारखं होतं.
– आरोह (चढते स्वर) सुरेख, अवरोहात (उतरत्या स्वरांत) धांदल.
– दोन शेजारचे स्वर क्षणभर एकत्र ऐकू येतात. ध वरून नी वर गेलात तरी ध मागे रेंगाळतो.
– किंवा याच्या उलट, एखाद्या स्वराआधी बारीकशी फट पडते आणि ओळ तुटते.
– पांढरी एक मध्ये, म्हणजे सप्तकातली पहिली पांढरी पट्टी सा धरून, सगळं जमतं. गाणाऱ्या ताईंनी काळी चार मागितली की तीच बोटं परकी वाटायला लागतात.
– करंगळी ताठ उभी राहते, अंगठा पेटीच्या कडेबाहेर लोंबतो.
– अर्ध्या तासाने अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटावर दुखायला लागतं.

मी चिपळूणला घरीच पेटी शिकवते. शाळकरी मुलं येतात, निवृत्त झालेले काका येतात, भजनी मंडळातल्या बायका येतात. वर दिलेली यादी घेऊन दर महिन्याला कुणी ना कुणी दारात उभं असतं आणि जवळजवळ सगळे एकच वाक्य बोलतात: "रियाज कमी पडतोय." बहुतेकांचा रियाज कमी पडत नसतो. चुकीच्या बोटांनी केलेला रियाज जास्त झालेला असतो. ज्या स्वरावर तुम्ही अडखळता, तिथे बिघाड नसतोच. तो एक, दोन, कधी तीन स्वर आधी झालेला असतो. तिथे चुकीचं बोट बसलं आणि पुढच्या स्वराला बोटच उरलं नाही. ती जागा पन्नास वेळा घोकली की चूक पक्की होते, एवढंच.

हे पेटीवरच इतकं का जाणवतं, तेही समजून घ्या. हे वाद्य मूळचं युरोपातलं. पॅरिसच्या अलेक्झांडर देबँ यांनी १८४० च्या दशकात हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा भाता पायाने चालायचा आणि दोन्ही हात स्वरांसाठी मोकळे असायचे. आपल्या संगीत नाटकांतला ऑर्गनही पायानेच चालायचा. पुढे कलकत्त्यात बैठकीत मांडी घालून वाजवायची, हाताने भाता मारायची पेटी तयार झाली आणि डावा हात भात्याकडे गेला. म्हणजे दहा बोटांसाठी आखलेल्या पट्ट्यांवर आपण पाच बोटांनी वाजवतो. त्यात पट्टी दाबलेली असेपर्यंत स्वर वाजतच राहतो आणि सोडली की तिथेच संपतो. मागे गुंजणारी तार नाही, चूक झाकणारं पेडल नाही. बोट उशिरा उचललं की स्वर चिकटतात, लवकर उचललं की फट पडते. पेटीत बोटांची मांडणी ऐकूच येते.

एक खुलासा करून ठेवते. खाली 'पट्टी' म्हणजे बोटाखालची पट्टी. गाणाऱ्याच्या पट्टीला, म्हणजे जिथे सा धरायचा त्या जागेला, मी 'सूर' म्हणेन. बोटांना आकडे आहेत: अंगठा १, तर्जनी २, मधलं ३, अनामिका ४, करंगळी ५. पट्ट्या मात्र अक्षरात लिहिल्या आहेत, म्हणजे गोंधळ होणार नाही. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक, जोडीतली पहिली ती काळी एक, आणि तिथून उजवीकडे मोजायचं. आणि उजव्या हाताने वाजवणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

पैसे न लागणाऱ्या गोष्टी आधी

नखं बघा. उजव्या हाताची नखं वाढली असतील तर बोट टोकावर उभं राहत नाही, आडवं पडतं. आडव्या बोटाखालून अंगठा जायला जागाच उरत नाही. अंगठ्या आणि सैल बांगड्या काढून ठेवा. एका काकूंचा 'तिसऱ्या बोटाचा दोष' सहा महिने चालला होता; अनामिकेतली जाड अंगठी शेजारच्या बोटाला घासत होती, म्हणून ते बिचारं लवकर उठायचं.

मग बैठक. पट्ट्यांवर हात ठेवल्यावर कोपर पट्ट्यांच्या पातळीला किंवा किंचित वर हवं. लहान मुलांना पेटी उंच पडते, ती खांदे वर चढवून वाजवतात. त्यांना चादरीची चौपदरी घडी करून त्यावर बसवा. उंच माणसाला पेटी खाली पडते, मनगट मोडतं. पेटीखाली पाट सरकवा. पेटी अगदी समोर चौकोनी ठेवली तर डाव्या हाताला भात्यापर्यंत वळसा घालावा लागतो, पाठ पिळली जाते आणि तो पीळ उजव्या मनगटात उतरतो. पेटी थोडी तिरकी करून बघा, डावा खांदा सैल होईल इतकीच. हे पहिल्यांदा का तपासायचं? कारण बैठक चुकली असेल तर पुढची कोणतीही मांडणी अवघडच वाटणार आणि तुम्ही चांगली मांडणी उगाच टाकून द्याल.

आणि जोर. पट्टी जोरात दाबली म्हणून पेटीचा आवाज वाढत नाही. आवाज भात्यातून येतो. तरी नवशिके चढ्या आवाजासाठी बोटं आपटतात. वजन फक्त पट्टी तळाला टेकण्यापुरतं पुरे. त्यापुढचा सगळा जोर बोट अडकवून ठेवतो. भाता उघडूच नका, नुसत्या मुक्या पट्ट्यांवर तोच पलटा वाजवून बघा. टकटक असा आवाज मोठा येत असेल तर तुम्ही आपटताय.

दोष बोटाचा की पेटीचा?

हे तपासायला दोन मिनिटं लागतात आणि मी हे मुद्दाम इतक्या वर ठेवलंय. अडखळणारी पट्टी एकटीच, एकाच बोटाने, दहा वेळा दाबा आणि सोडा. प्रत्येक वेळी झटकन वर येते का? शेजारची पट्टी सोबत हलते का? आमच्याकडे कोकणात जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना घासतात. मग ध चिकटला म्हणून विद्यार्थी बोटांना दोष देत बसतो आणि खरं कारण असतं पावसाळी हवा.

पेटीला कपलर असेल तर तो बंद करून तोच तुकडा वाजवा. कपलर लावला की एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही ओढली जाते, म्हणून बोटाला दुप्पट काम पडतं. कार्यक्रमात भरदार आवाजासाठी तो ठीक आहे, शिकताना नको. कपलर बंद केल्यावर अडखळणं थांबलं तर मांडणी बरोबर आहे, फक्त बोटांत अजून ताकद नाही.

पट्टी घासते आहे हे नक्की झालं तर पेटी कोरड्या, हवेशीर खोलीत ठेवा, बंद ट्रंकेत नको. तरी सुटली नाही तर कारागिराकडे न्या. स्वतः पट्टी कानसेने घासू नका. आतल्या जिभेला, म्हणजे स्वर देणाऱ्या धातूच्या पातीला, तर हातही लावू नका, ती खरवडली की स्वरच बदलतो आणि तो पूर्ववत करणं म्हणजे कसबी माणसाचं काम.

अडलेल्या जागेच्या मागे जा

आता फोन काढा. चार-पाच पुस्तकांच्या थप्पीवर ठेवा, वरून फक्त हात दिसेल असा. अडणारी ओळ ज्या लयीत अडते त्याच लयीत वाजवा, मग चित्रफीत हळू करून बघा. अडखळलेल्या स्वरावर थांबायचं आणि तिथून एकेक स्वर मागे यायचं. प्रत्येक स्वराला कोणतं बोट पडलं ते वहीत लिहायचं.

एक उदाहरण देते, कारण हे मी सगळ्यात जास्त वेळा सोडवलंय. परीक्षेसाठी यमन बसवणारा अकरा वर्षांचा मुलगा. पांढरी एक मध्ये वाजवायचा. अवरोहाच्या शेवटी सा वर त्याचा हात दर वेळी उडी मारायचा आणि त्या उडीत ठेका सुटायचा. त्याच्या आईचं म्हणणं, "सा तर इतका सोपा स्वर, तिथे कसा चुकतो?" वहीत बोटं लिहिली तेव्हा दिसलं ते असं. तार सा (वरचा सा) ४, नी ३, ध २, प १. इथपर्यंत छान. मग अंगठ्यावरून हात ओलांडताना तो तीव्र म वर (यमनमधला म, इथे तो काळी तीनवर येतो) ३ आणायचा. म्हणजे ग ला २, रे ला १, आणि सा ला? काहीच नाही. अंगठ्याच्या पलीकडे बोट नसतं. म्हणून अंगठाच रे वरून उडी मारून सा वर जायचा.

दुरुस्ती सा वर नव्हतीच, तीन स्वर मागे होती. तीव्र म वर ४ आणायचं: म ४, ग ३, रे २, सा १. मी तीव्र म च्या काळी तीनवर एक लाल टिकली चिकटवली आणि म्हटलं, "या टिकलीवर फक्त अनामिकेने यायचं." सुरुवातीला त्याचं मधलं बोट सवयीने दोन-तीनदा टिकलीपर्यंत जाऊन परत फिरलं, ते परत फिरताना बघून मला फार बरं वाटलं, कारण त्याचा अर्थ हाताला कळलं होतं. त्या आठवड्यात त्याने फक्त प म ग रे सा एवढंच केलं. पुढच्या रविवारी टिकली काढली.

त्याला ३ ची सवय कुठून लागली? बिलावलच्या, म्हणजे सगळ्या शुद्ध स्वरांच्या, सरळ अवरोहातून. तिथे तार सा ५, नी ४, ध ३, प २, म १, आणि मग ग ३, रे २, सा १ असं येतं. ओलांडून येणारं बोट तिथे ३ हेच बरोबर आहे. मुलं ते पहिल्या दोन महिन्यांत शिकतात आणि आयुष्यभर सगळीकडे ३ ओलांडतात.

एक छोटी सूचना. वहीत मात्रांचेही आकडे असतात, त्यामुळे बोटांचे आकडे लाल पेन्सिलीने लिहा, स्वराच्या वर. आणि सगळ्या ओळीला लिहू नका. अंगठा जिथे पडतो तेवढ्याच जागा लिहा. अंगठा ठरला की बाकीची बोटं आपोआप ठरतात.

अंगठा काळीवर पडतोय का?

बहुतेक गुंत्यांचं मूळ हेच. अंगठा इतर बोटांपेक्षा आखूड, आणि काळ्या पट्ट्या आत, वर उचललेल्या. अंगठा काळीवर न्यायचा तर पूर्ण पंजा आत ढकलावा लागतो, कोपर बाहेर फेकलं जातं, बाकीची चार बोटं काळ्यांच्या मधल्या अरुंद गल्ल्यांत अडकतात. पुढचा स्वर उशिरा येणारच.

पांढरी एकच्या बिलावलात काळी पट्टीच लागत नाही, म्हणून सा रे ग ला १ २ ३ आणि म ला पुन्हा १, मग प ध नी तार सा ला २ ३ ४ ५ हे सहज बसतं. या सवयीने यमन वाजवला की चौथ्या स्वरावर अंगठा थेट काळी तीनवर जातो. यमनमध्ये सा रे ग म ला १ २ ३ ४ आणि प वर अंगठा. पुढे ध २, नी ३, तार सा ४. रागाच्या चलनाप्रमाणे मंद्र (खालच्या सप्तकातल्या) नी पासून, सा आणि प टाळून चढत असाल तर नी १, रे २, ग ३, म ४, ध १, नी २, तार सा ३. तिथे म वरून ध ला अंगठा नेताना एक पट्टी ओलांडायची असते, पण अनामिका उंच काळीवर असल्याने खालून जायला भरपूर जागा मिळते. करून बघा, वाटतं तितकं लांब नाही.

पांढरी चार मध्ये बिलावल वाजवला तरी हेच: तिथे शुद्ध म काळी पाचवर येतो. म्हणून १ २ ३ ४, १ २ ३ ४.

याचं एक सूत्र मी मुलांना देते: चढताना काळी संपून जी पहिली पांढरी येते, तिथे अंगठा न्या. उतरताना अंगठा तिथेच पडतो, आणि त्याच्यावरून लांब बोट काळीवर जातं. हे सूत्र का चालतं? अंगठ्याला खालून सरकायला उंची लागते, आणि बोट काळीवर असताना ती सगळ्यात जास्त असते.

सूर बदलला की मांडणी बदला

भजनी मंडळातल्या बायकांची ही मुख्य तक्रार. शिकल्या पांढरी एक मध्ये, गाणारी काळी चार किंवा पांढरी पाच मागते. पुरुष गायक असेल तर बऱ्याचदा काळी एक किंवा पांढरी दोन. त्या बिचाऱ्या पांढरी एकची बोटं तशीच्या तशी उचलून काळी एकवर नेतात. सा वरच अंगठा काळीवर. पहिल्याच स्वराला गाडी रुळावरून खाली.

वरचं सूत्र लावून बघा. काळी एकचा शुद्ध स्वरांचा आरोह घ्या. सा काळी एक, रे काळी दोन, ग पांढरी चार, म, प, ध ओळीने काळी तीन, चार, पाच, आणि नी पुढच्या सप्तकातली पांढरी एक. सातांपैकी फक्त ग आणि नी पांढरे, आणि दोन्ही काळ्यांच्या घोळक्यानंतरचे पहिले पांढरे. मग सा २, रे ३, ग १, म २, प ३, ध ४, नी १, तार सा २. हे सप्तक ज्यांना 'अवघड' म्हणून सांगितलेलं असतं त्यांना मी मुद्दाम हे वाजवायला लावते. लांब बोटं उंच पट्ट्यांवर, आखूड अंगठा खालच्या पट्टीवर. हात नुसता ठेवला तरी तसाच बसतो. माझ्या मते पांढरी एकपेक्षा हे सोपं आहे. फक्त सुरुवात अंगठ्याने करायची नाही, एवढं मनाला पटवावं लागतं.

काळी चार: सा २, रे ३, मग ग पांढरी एकवर १, म २, प ३, ध पांढरी चारवर १, नी २, तार सा ३. मंडळातल्या ज्या ताईंसाठी मी हे पहिल्यांदा लिहून दिलं, त्यांनी तो कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय. तुम्हीही आपल्या मंडळात लागणाऱ्या दोन-तीन सुरांचे असे कागद करा. बारा सूर एकदम करायला जाऊ नका.

सूत्राला अपवाद आहे आणि तो गमतीचा आहे. काळी तीनवरून भूप राग वाजवा: सा रे ग प ध पाचही स्वर काळ्या पट्ट्यांवर येतात, पांढरी एकही लागत नाही. काळी एकवरून दुर्गा, काळी पाचवरून मालकंस, काळी दोनवरून धानी, काळी चारवरून मध्यमाद सारंग, या सगळ्यांचं तेच. त्याच पाच पट्ट्या, फक्त षड्ज (सा) सरकतो. इथे अंगठा काळीवर न्यायचा नाही म्हणून हट्ट धरला तर चार बोटांनी पुढे सरकत राहावं लागतं आणि लय वाढली की फट पडते. अशा वेळी सगळा पंजाच आत, काळ्यांच्या वर न्या, म्हणजे अंगठ्याला वेगळं ढकलावं लागणार नाही. हात सगळा एका पातळीवर असला की अंगठा काळीवर चालतो. त्रास होतो तो चार बोटं बाहेर आणि एकटा अंगठा आत गेल्यावर.

सप्तकाची बोटं तानेला चालतात असं नाही

इथून पुढची तपासणी वेळखाऊ आहे. वरचं सगळं नीट असूनही जागा अडत असेल तरच या.

आरोह-अवरोहाची मांडणी हा नकाशा झाला. गाण्यात आपण नकाशाभर चालत नाही, गल्लीबोळांत वळतो. ग म ध म ग असा तुकडा असेल आणि मांडणीप्रमाणे मधेच अंगठा खालून नेलात, तर लगेच तो परत आणावा लागतो. जिथून वळायचं आहे तिथपर्यंत एका पसाऱ्यात हात पुरतो का, ते आधी बघा. पुरत असेल तर अंगठा हलवूच नका. तुकड्यातला सगळ्यात वरचा स्वर शोधा, त्याला ४ किंवा ५ द्या, आणि तिथून मागे मोजत या. वरून मागे मोजणं नवशिक्यांना सुचत नाही, ते नेहमी पहिल्या स्वराला १ लावून सुरू करतात आणि शेंड्यावर बोट संपतं.

एकच स्वर भरभर तीन वेळा येत असेल तर एकाच बोटाने ठोकू नका. ३, २, १ असं बोट बदला. पट्टी पूर्ण वर आल्याशिवाय स्वर पुन्हा सुटा वाजत नाही आणि एका बोटाला ते वेगात जमत नाही. काळीवरून शेजारच्या खालच्या पांढरीवर यायचं असेल तर एकच बोट घसरवून आणता येतं, मिंडीचा (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्याचा) थोडा भासही होतो. पांढरीवरून काळीवर मात्र घसरता येत नाही, तिथे चढ आहे.

दुरुस्त केलेली जागा कशी घोटायची? अख्खी ओळ नको. नवीन बोट ज्या दोन स्वरांमध्ये पडतं तेवढे दोनच, मग मागचा एक जोडायचा, मग पुढचा एक. एकदा जरी जुनं बोट पडलं तरी थांबून लय उतरवायची. सलग दहा वेळा बिनचूक आल्याशिवाय लय वाढवायची नाही. कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे. पण जुनी सवय तुमच्या हातात महिनोन्‌महिने मुरलेली असते आणि थोडी जरी घाई झाली की हात तिच्याकडेच जातो.

करंगळीचं काय?

यावर गुरूंमध्ये मतभेद आहेत. काही घराण्यांत करंगळी जवळजवळ वापरत नाहीत, काही जण तार सा ला हक्काने लावतात. तुमचे गुरू जे सांगतील ते खरं माना. दोन पद्धती मिसळल्या की हात गोंधळतो. मी एवढंच तपासते की करंगळी वापरा किंवा नका वापरू, ती सैल हवी. ती ताठ उभी असेल तर अनामिकाही ताठ होते, कारण या दोघींच्या शिरा एकमेकींना ओढतात. अनामिका ढिली पडल्याशिवाय वर सांगितलेला म वरचा ४ कधीच नीट बसणार नाही. लहान हाताच्या मुलांना ४ आणि ५ चे ताण देऊ नका, त्यांच्यासाठी अंगठा एकदा जास्त फिरवा.

मोठ्या वादकांच्या चित्रफिती उपलब्ध असतात, त्यांचा उपयोग करा. पंडित तुलसीदास बोरकर यांच्या वादनाची एखादी चित्रफीत लावा आणि आवाज बंद करा. बोटं बघू नका, डोळे दमतील. फक्त मनगट बघा. मग स्वतःची फोनवरची चित्रफीत तशीच बिनआवाजाची बघा. तुमचं मनगट कुठे झटका खातं, ती जागा लिहून घ्या. मांडणी तिथेच चुकलेली असते.

स्केल चेंजर घ्यावा का, हेही विचारतात. त्याने सगळ्या पट्ट्याच सरकतात, म्हणून पांढरी एकची बोटं तशीच ठेवून दुसऱ्या सुरात वाजवता येतं. रोज वेगवेगळ्या गायकांना साथ करणाऱ्याला तो सोयीचा. पण महाग, वजनाला जड, आणि यमनमधला म वरचा अंगठा काही तो सोडवत नाही. बोटांच्या अडचणीसाठी म्हणून घेऊ नका.

इथे थांबा

दुखत असताना वाजवू नका. हे मी ठासून सांगते, कारण आपल्याकडे दुखण्याला रियाजाची पावती समजतात. पहिल्या काही दिवसांत बोटं दमणं वेगळं. विश्रांतीने ते जातं. अंगठ्याच्या मुळाशी टोचणारी कळ, मनगटावर सूज, बोटांना मुंग्या, रात्री हात बधिर होऊन जाग येणं, चहाचा कप किंवा कुलूप-किल्ली धरताना पकड सुटणं, यातलं काहीही असेल तर पेटी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडांचे डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्ट यांना तुम्ही पेटी वाजवता आणि रोज किती वेळ बसता, हे स्वतःहून सांगा. तेल चोळून, पट्टा बांधून पुढे वाजवत राहू नका. मांडणी बदलल्याने असलं दुखणं बरं होत नाही.

पेटीबाबत: पट्टी अडकून स्वर वाजतच राहतो, एकही पट्टी न दाबता भात्यातली हवा गळते, एकच स्वर कंप पावतो किंवा बेसूर लागतो, तर कारागीर. झाकण उघडून झुरळाची घाण ब्रशने झाडणं इथपर्यंत घरी ठीक.

आणि मांडणीबाबत: वर सांगितल्याप्रमाणे बोटं लिहून, संथ लयीत, दोन आठवडे रोज घोटूनही तीच जागा अडत असेल तर एकट्याने आणखी घोटू नका. पेटी जाणणाऱ्या गुरूंसमोर प्रत्यक्ष जाऊन बसा. ऑनलाइन शिकत असाल तर एकदा तरी समोरासमोर जा, कारण कॅमेऱ्यात अंगठ्याची खालची बाजू दिसत नाही आणि अर्ध्याहून जास्त चुका मला तिथेच सापडल्या आहेत. जाताना लाल आकडे लिहिलेली वही आणि अडलेल्या लयीतली चित्रफीत सोबत न्या. गुरूंसमोर गेल्यावर बऱ्याचदा ती जागा अडतच नाही, मग दाखवायला काहीतरी हवं.